मी मुद्दे लिहिले, तिने मुद्दे खाल्ले

मानववंशशास्त्र हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी "वा" म्हणतो आणि मग हळूच विचारतो, "म्हणजे कवट्या मोजायच्या का?" लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना मी या कवट्यांचा खुलासा केला आहे. नाही हो, आम्ही जिवंत माणसांकडे जातो. तेही कुठे रानावनात नाही. मी सगळी नोकरी बंगळुरात काढली, सिटी बसच्या पासावर. लोकांच्या घरी जाऊन बसायचं, ते काय करतात ते बघायचं, काय बोलतात ते ऐकायचं आणि घरी येऊन लिहून काढायचं. "म्हणजे पगारी भोचकपणा," असं माझ्या मोठ्या जाऊबाई म्हणायच्या. इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळाली नाही.

संपादकांनी अंकासाठी "रंजक अनुभव" मागवले आहेत. ते आहेत. मला वीजमंडळाची बाई समजून घाईघाईने तारेवरचा आकडा काढून माठात लपवणारे घरमालक आहेत. "तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण माझ्या भावासाठी मुलगी बघा" असा सौदा करणारी बंगळुरातल्या शिवाजीनगरची शिंपीणबाई आहे. पण खरं सांगायचं तर लिहायला बसले की एकच चेहरा समोर येतो, आणि तो माझ्याकडे बघून हसत असतो. ती माझी सहकारी होती, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तिच्यावर मी जळले. आमच्या धंद्यात शिकवतात की निरीक्षकाने आपल्या भावना लपवू नयेत, त्याही टिपून ठेवाव्यात. माझ्या एकतीस वह्यांत ही एक भावना कुठेही टिपलेली नाही. म्हणून ती इथे टिपते.

धंदा थोडा समजावून सांगते. आमच्याकडे दोन वह्या असतात. एक लहान, पिशवीत मावणारी. तिच्यात जागच्या जागी दोन-चार शब्द खरडायचे. दुसरी मोठी, तिच्यात त्याच संध्याकाळी सगळं सविस्तर उतरवायचं. कोण काय बोललं, तेव्हा कोण हजर होतं, बोलताना हात काय करत होते. आपण स्वतः काय केलं आणि काय बोललो, तेही लिहायचं असतं, कारण माणसं आपल्याकडे बघूनच बोलतात. हा शेवटचा नियम मला वर्गात शिकवता येत असे. पाळायला मात्र मी सोयीस्कर विसरत असे. माझ्या मोठ्या वह्या डाव्या पानावर समास, उजव्या पानावर मजकूर, महत्त्वाच्या ओळीखाली दोन रेघा, अशा देखण्या होत्या. नवीन आलेल्यांना संस्थेत त्या नमुना म्हणून दाखवत.

नव्वदच्या दशकात मधली काही वर्षं आमचा एक प्रकल्प पीण्या नावाच्या बंगळुरातल्या औद्योगिक वसाहतीत चालला होता. तिथल्या लहान लहान इंजिनियरिंग कारखान्यांत तेव्हा बायका मोठ्या संख्येने लागल्या होत्या. बाई पाळीवर जाऊ लागली की तिच्या घरातली जेवणाची वेळ आणि जेवणाचा क्रम बदलतो का, कोण आधी जेवतं, कोण शेवटी, हे आम्हाला शोधायचं होतं. माझ्याकडे जी घरं होती त्यांतलं मुख्य घर लक्कम्माचं. लक्कम्मा एका कारखान्यात नट तपासायची. हातात गेज घ्यायचं, त्यावर नट फिरवायचा. सरळ बसला तर पास, अडकला तर बाजूला. दिवसभर हेच. घरी नवरा, दोन मुलं आणि सासरे तिम्मय्या. तिच्या कारखान्याची सुट्टी मंगळवारी असे, म्हणून मी दर मंगळवारी बाराच्या सुमाराला जात असे.

तिम्मय्या हे एक प्रकरणच होतं. जन्मभर एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. निवृत्त झाले तरी फाटक डोक्यातून गेलं नव्हतं. घराच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसायचे आणि मांडीवर एक लांबट रजिस्टर. नाव, आत, बाहेर, कारण, असे चार रकाने. दूधवाला आला तरी नोंद, नात शाळेतून आली तरी नोंद. मी त्यांच्या घराची नोंद करायला जायचे आणि आत शिरण्याआधी ते माझी करायचे. मला त्याची गंमत वाटे. ते काय लिहितात हे वाकून बघावं असं मात्र कधी सुचलं नाही.

दारात गेलं की लक्कम्मा म्हणायची, "बन्नी मेडम. ऊटा आयता?" म्हणजे या, जेवण झालं का? बंगळुरात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. हा आमच्याकडचा नमस्कार आहे. त्याला उत्तर एकच, "आयतु", झालं. पोटात कावळे ओरडत असले तरी आयतु. आमच्या घराण्याच्या पाच पिढ्या या गावात गेल्या. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण थोडंला स्वल्प म्हणतो आणि भावाला अण्णा. त्यामुळे हे उत्तर मला शिकावं लागलं नाही. मी "आयतु" म्हणायचे, लक्कम्मा "सरी", म्हणजे बरं, म्हणायची, बाहेरच्या खोलीतली लोखंडी खुर्ची पुढे करायची, आणि मी पिशवीतून लहान वही काढायचे. अशी दोन वर्षं गेली. चौदाव्या वहीत मी ओळ लिहिली: लक्कम्मा घरात सर्वांत शेवटी जेवते. खाली दोन रेघा मारल्या.

मग शर्वरी आली. पुण्याची, एम.ए. नुकतंच झालेलं, गळ्यात झोळी, कानात मोठाल्या रिंगा. कोरमंगलाला पेइंग गेस्ट म्हणून राहायची. कन्नड शिकली होती ती 'तीस दिवसांत' छापाच्या एका पुस्तकावरून, आणि माझ्या अंदाजाने नवव्या दिवसापर्यंतच पोचली होती. तिला माझ्या हाताखाली दिलं. पहिल्या मंगळवारी मी तिला घेऊन लक्कम्माकडे गेले.

"बन्नी मेडम. ऊटा आयता?"

"आयतु."

लक्कम्मा शर्वरीकडे वळली. "ऊटा आयता?"

शर्वरी क्षणभर थांबली. पुस्तकातला धडा आठवत असावी. मग अगदी स्पष्ट म्हणाली, "इल्ला."

नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याच्या उंबऱ्यात उभं राहून, पहिल्याच भेटीत, जेवले नाही म्हणून सांगायचं? पुण्यात हा प्रश्न उत्तर "हो" यावं म्हणूनच विचारतात असं ऐकून होते, मग ही मुलगी वाढली तरी कुठे? मी सारवासारव करायला तोंड उघडलं, तोवर लक्कम्माने तिचा दंड धरला होता. "इल्ला अंते," जेवली नाही म्हणे, असं सासऱ्यांना सांगत ती हसली आणि तिला घेऊन आत गेली. आत म्हणजे स्वयंपाकघरात. दोन वर्षांत मी त्या घराचा पडदा पाहिला होता. पडद्यापलीकडची चूल पाहिली नव्हती.

नंतर कळलं की त्या मुलीला खरंच भूक लागली होती. कोरमंगलाहून दोन बस बदलून आधी संस्थेत यायचं आणि मग पीण्याला, म्हणजे सात वाजता निघावं लागे, आणि तिच्या पीजीतल्या इडल्या आठच्या आत उतरत नसत. प्रश्न विचारला, तिने खरं उत्तर दिलं. इतकं साधं होतं ते.

मी खुर्चीवर बसले होते. आतून हसण्याचा आवाज आला. शर्वरी मुद्दे चावून खात होती. मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे. ते सारात बुडवायचे आणि न चावता गिळायचे असतात. हिने चघळायला घेतले आणि ते दाताला, टाळूला चिकटून बसले. मुलं लोळत होती. लक्कम्मा "नुंगु, नुंगु," गीळ, गीळ, म्हणत होती. बाहेर मी गुडघ्यावर वही ठेवून मुद्दे लिहीत होते: एक, घरात पाच माणसं, दोन, चूल पूर्वेला असावी. मराठीतले मुद्दे.

त्या दिवसापासून ती 'हुडुगी' झाली, म्हणजे पोरगी. नुसती हुडुगी नाही, "नम्म हुडुगी", आमची पोरगी. मी मेडमच राहिले. माझ्यासाठी "बन्नी", तिच्यासाठी "बा". मराठीतल्या 'या' आणि 'ये'मध्ये जितकं अंतर आहे तितकंच यात आहे, आणि दर मंगळवारी मला ते मोजून मिळत होतं. मला हेवा वाटत होता. तिच्या टिपणांचा आधी वाटला नाही, कारण ती बसच्या तिकिटांच्या पाठीवर, साराचे डाग पडलेली, गिचमिड अक्षरातली असत. पण वरिष्ठ म्हणून ती मला वाचावी लागत. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की या डागांमध्ये माणसं बोलत आहेत. माझ्या वह्यांत ती उत्तरं देत होती.

असाच एक कागद एका बुधवारी तिने माझ्या टेबलावर ठेवला. लक्कम्माने आदल्या दिवशी भांडी घासता घासता तिला सांगितलं होतं. पाळी साडेचारला सुटते. घर चालत अर्ध्या तासावर. पण लक्कम्मा रोज वाटेत एका दर्शिनीत थांबते. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल. अशी हॉटेलं तेव्हा गावभर नवी नवी निघत होती. तिथे ती दोन गरम इडल्या आणि वडा घेते आणि उंच टेबलाशी उभी राहून सावकाश खाते. तिचे शब्द शर्वरीने तसेच उतरवले होते: "तिथे मी कोणाला वाढत नाही. कोणी मला उरलेलं देत नाही. तेवढा वेळ मी कोणाचीच नाही." मग ती घरी येते, स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते आणि शेवटी नावाला दोन घास खाते. ती शेवटी जेवते असं घर समजतं. ती सगळ्यांत आधी जेवलेली असते.

मराठीत आपण म्हणतो दुसऱ्याचं चांगलं बघून पोटात दुखतं. माझं तेच झालं. मी ड्रॉवरमधून चौदावी वही काढली आणि त्या दोन रेघांकडे बघत बसले. दोन वर्षं. शंभर मंगळवार तरी असतील. आणि या पोरीला धड क्रियापद चालवता येत नव्हतं.

"कुमुदताई," ती म्हणाली, "हे अहवालात घ्यायचं का? ती म्हणालीय कोणाला सांगू नकोस. घरी कळलं तर पंचाईत होईल तिची."

"नाही घ्यायचं," मी म्हणाले. "तिने विश्वासाने सांगितलंय."

सल्ला योग्य होता, आजही तोच देईन. पण तो देताना मला आत कुठेतरी बरं वाटलं, कारण आता छापून येणार होती ती माझी ओळ. तशी ती आलीही. आमच्या अहवालात पीण्याच्या त्या घरात बाई सर्वांत शेवटी जेवते असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

इथवर थांबले असते तरी चाललं असतं. पुढच्या सोमवारी आम्ही दोघी शिवाजीनगरच्या बसस्टँडवर उभ्या होतो. गर्दी होती, बस येत नव्हती, आणि शर्वरी आनंदात होती. लक्कम्मा उद्या तिच्यासाठी हुळग्याचं, म्हणजे कुळथाचं, सार करणार होती. उसळसुद्धा करणार होती.

"शर्वरी, एक सांगू? रागावू नकोस."

"सांगा ना ताई."

"ऊटा आयता म्हटलं की आयतु म्हणायचं असतं. इल्ला म्हणणं म्हणजे मागून जेवण्यासारखं आहे. ती माणसं तोंडावर काही बोलत नाहीत. मागे हसतात."

शेवटचं वाक्य मी रचलेलं होतं. त्या घरात कोणी मागे हसत नव्हतं. हसत होते ते तोंडावर, आणि प्रेमाने. ते मला बाहेरच्या खुर्चीवर ऐकू येत असे.

तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "बापरे. मी दर मंगळवारी जेवतेय तिथे. आधी का नाही सांगितलंत?"

"असू दे," मी म्हणाले. "आता कळलं ना."

दुसऱ्या दिवशी दारात लक्कम्माने विचारलं, "ऊटा आयता, हुडुगी?" आणि शर्वरीने खाली बघत सांगितलं, "आयतु."

"आयता? एल्ली?" झालं? कुठे?

"पीजीत."

 आतून हुळग्याच्या साराचा वास येत होता. लक्कम्मा "सरी" म्हणाली, आत गेली आणि दुसरी खुर्ची घेऊन आली. माझ्या खुर्चीशेजारी मांडली. शर्वरी तिच्यावर बसली. तिने वही काढली आणि मी माझी काढली. खोटं कशाला बोलू, मला त्या खुर्चीचा आनंद झाला.

त्यानंतर लक्कम्मा तिला काही सांगेना. विचारलं तेवढंच उत्तर. दोन महिन्यांनी शर्वरी माझ्या खोलीत आली, दार लोटून घेतलं आणि विचारलं, "ताई, माझं काय चुकलं?" डोळे भरले होते तिचे. मी म्हणाले, "फील्डमध्ये असं होतं. लोकांना आपला कंटाळा येतो." ती मान हलवून गेली. वर्षअखेरीला प्रकल्प संपला आणि ती पुढच्या शिक्षणासाठी परदेशी गेली. आता ती तिथेच प्राध्यापक आहे. तिचं काही छापून आलं की आधी मी ते किती पानांचं आहे ते बघते, आणि मग त्यात चूक सापडते का ते. क्वचित सापडते. त्या दिवशी मला झोप चांगली लागते.

निवृत्तीनंतर संस्थेने माझ्या वह्या ग्रंथालयासाठी मागितल्या. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना विचारल्याशिवाय देणं बरं नाही, म्हणून गेल्या वर्षी मी घरं शोधत निघाले. पीण्याला उतरल्यावर बसथांब्याजवळ एक दर्शिनी दिसली. लक्कम्माची तीच की दुसरी, ठाऊक नाही. उंच टेबलाशी उभी राहून मी एक मसाला डोसा खाल्ला, वर कॉफी घेतली. कोणी ओळखीचं नव्हतं. बरं वाटलं.

घर तेच होतं, वर एक मजला चढला होता. लक्कम्मा पांढऱ्या केसांची झाली होती. नवरा आणि तिम्मय्या दोघंही राहिले नव्हते. "बन्नी मेडम. ऊटा आयता?" "आयतु." लोखंडी खुर्ची आली. मी वह्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या वह्या आहेत तशी मामंजींची रजिस्टरंही आहेत," आणि कपाटावरून रजिस्टरांचा गठ्ठा काढून माझ्या मांडीवर ठेवला. ती स्वतः आता त्यांतलं वाचू शकत होती; नातीबरोबर शिकली होती.

मी आमची वर्षं शोधली. तिम्मय्यांचं कन्नड अक्षर टपोरं होतं. मेडम, आत ११.५०, बाहेर १२.४०, कारण: प्रश्न. पुढचा मंगळवार, मेडम, कारण: प्रश्न. पान उलटलं. मेडम, प्रश्न. मेडम, प्रश्न. मग दोन नावं दिसू लागली. मेडम, कारण: प्रश्न. खाली हुडुगी, कारण: ऊटा. दर आठवड्याला तसंच. मी प्रश्न, ती जेवण. आणि मग एका मंगळवारी हुडुगीच्या पुढे 'ऊटा' लिहून खोडलेलं, आणि शेजारी लिहिलं होतं: प्रश्न. तिथून पुढे शेवटपर्यंत प्रश्नच.

लक्कम्माने दुसऱ्या एका ओळीवर बोट ठेवलं. लक्कम्मा, आत ५.३५, कारणाचा रकाना मोकळा. रोज ५.३५, रोज मोकळा. "फाटकावरचा माणूस," ती म्हणाली. "साडेचारची पाळी, अर्ध्या तासाची वाट. त्यांना हिशेब येत नव्हता का? एक दिवस विचारलं नाही मला." मग तिने पुन्हा त्या खोडलेल्या शब्दाकडे बोट नेलं. "हिचं काय झालं मेडम? आमच्या हातून काही चुकलं का? मी कितीदा विचार केला. तिला माझं ते इडलीचं सांगितलं, म्हणून मनातून उतरले का मी तिच्या?"

इतकी वर्षं तीही तेच समजून बसली होती. तिकडे ती पोरगी, इकडे ही. दोघींना वाटत होतं की चूक आपली.

"मी शिकवलं तिला आयतु म्हणायला," मी म्हणाले. "म्हटलं, तुम्ही मागे हसता."

"का?"

"मला कोणी आत बोलावलं नाही म्हणून."

 गेजवरचा नट अडकला की बघायची तशी लक्कम्मा माझ्याकडे बघत राहिली. मग उठून आत गेली. मला वाटलं, आता निघावं. मी गठ्ठा बांधत होते, तेवढ्यात ती पडद्याशी येऊन उभी राहिली.

"ऊटा आयता?"

अर्ध्या तासापूर्वीच मी आयतु म्हणाले होते. डोसा अजून गळ्याशी होता.

"इल्ला," मी म्हणाले.

"बा," ती म्हणाली.

चूल पूर्वेला नव्हती. मी पाटावर बसून मुद्दे खाल्ले, न चावता गिळले, एकही ताटात टाकला नाही. लक्कम्मा समोर बसून बघत होती. वाढता वाढता म्हणाली, माझं ते इडलीचं आता खुशाल लिही, विचारायला कोण उरलंय. पण आधी आमच्या पोरीला कळव. तिच्या तोंडी अजून 'आमची पोरगी' आहे हे ऐकून, त्या भरल्या ताटावर बसूनही, मला पुन्हा थोडं झोंबलं.

पत्र तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. प्रत्येक वेळी मी त्यात शहाणी दिसत होते. पण पुण्याहून तिची आई तिला दरवर्षी हा दिवाळी अंक पाठवते असं ती एकदा म्हणाली होती, म्हणून इथे लिहिलं. शर्वरी, लक्कम्माला तुझा कंटाळा आला नव्हता. ती त्या दिवशी हुळग्याचं सार करून बसली होती. तुझं उत्तर बरोबर होतं.